बार मी काढला, रस्सा मात्र 'झाला'

१

काही वर्षांपूर्वी मी शिकवीत होतो त्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका विद्यार्थ्याने सहा पानांचा लेख दिला. मुलगा फासेपारधी समाजातला, घरात शिकणारा पहिलाच. लेखाचा विषय आजीने सांगितलेला तितर. तिच्या तरुणपणी माळावर फास कसे लावीत, तितर घरी आल्यावर साफ कसा करीत आणि शिजवीत कसा, हे त्याने तिच्याकडून ऐकून लिहिले होते. अंक छापून आला तेव्हा लेख चार पानांचा झाला होता. पहिली दोन पाने शाबूत होती. त्यांत पहाट, माळरान, दव आणि पिंजऱ्यातल्या तितराची हाक होती. शेवटची दोनही शाबूत होती. त्यांत चूल, धूर आणि सगळ्यांनी मिळून जेवणे होते. मधली दोन पाने गेली होती. त्यांत पिसे होती, आतडी होती, पित्ताची पिशवी होती.

मी संपादकांना विचारले. ते म्हणाले, "लेख उत्तमच आहे. पण तेवढा भाग वाचवत नाही हो. किळस येते."

कायद्याची अडचण सांगितली असती तर मी समजू शकलो असतो. पण कायद्याची भीती असती तर फास लावण्याची पाने आधी जायला हवी होती, कारण आज गुन्हा ठरतो तो तिथे. ती राहिली, कारण ती 'काव्यात्म' होती. जिथे एक म्हातारी बाई हातात सुरी घेऊन घरच्यांसाठी अन्न तयार करीत होती, ती पाने मात्र छापण्यालायक ठरली नाहीत.

तो मुलगा मला एवढेच म्हणाला, "सर, पहिली पानं कुणीपण लिहील. मला जे येत होतं, तेवढंच काढलं."

हे सांगताना एक कबुली दिली पाहिजे. त्या संपादक मंडळात मीही होतो. मुद्रिते माझ्याही टेबलावरून गेली होती. मी ती पाहिली आणि गप्प बसलो. महारवाड्यात वाढलेला मी गप्प का बसलो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. हे उत्तर माझ्या एकट्याच्या स्वभावात नाही. ते आपल्या वाङ्मयीन अभिरुचीत आहे, आणि त्या अभिरुचीला आपणही कुठेतरी शरण गेलो आहोत.

२

त्या दोन पानांतले प्रत्येक वाक्य माझ्या ओळखीचे होते, कारण माझी आजी तेच करीत असे. मराठवाड्यातल्या आमच्या गावी सुगीनंतर एक पारधीण बुट्टी घेऊन यायची. बुट्टीत पाय बांधलेले तितर, लाव्हे, कधी होले असत. ती आधी गावात फिरे आणि मग आमच्याकडे येई. मापटंभर ज्वारी, एखादे जुने लुगडे, यावर व्यवहार होई. आजी तितराचा पाय हातात धरून त्यावरचा काटा बघायची. काटा लांब आणि अणकुचीदार असेल तर तितर जून. "म्हातारा हाय गं, दोन भाकरीचं जळण खाईल," असे म्हणून ती ज्वारी थोडी कमी करायची. पारधीणही हसून घ्यायची. त्या दोघींचे गणित पक्के होते.

पिसे ती पक्ष्याचे अंग गरम असतानाच काढी. रानपक्ष्याची कातडी पातळ असते. उकळत्या पाण्यात कोंबडीसारखा बुडवला तर कातडी फाटते, आणि जी काय थोडी चरबी असते ती तिथेच असते. म्हणून कोरडीच पिसे, एका वेळी दोन-चार, ज्या दिशेने उगवली त्याच दिशेने ओढायची. छातीवर हात हलका. मग तुराट्यांच्या जाळावर पक्षी फिरवून उरलेली लव जाळायची आणि हळद लावून चोळायचा. मानेखालची दाण्याची पिशवी बोटाने सोडवायची. मागच्या बाजूला लहानशी चीर देऊन दोन बोटांनी आतले सगळे एका ओढीत बाहेर घ्यायचे. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. ती फुटली की सगळा रस्सा कडू. पेटा चिरून आतले खडे झटकायचे आणि आतली पिवळी साल सोलून टाकायची.

एकदा दाण्याची पिशवी चिरल्यावर तिच्यातून ज्वारी निघाली. आजीने दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाली, "पाटलाच्या रानातली हाय. ह्यानं बिनमागता खाल्ली." त्या रानात तिने आयुष्यभर खुरपले होते. मला तेव्हा ते वाक्य कळले नाही.

तितर साफ केल्यावर उरतो केवढा? जिवंतपणी पाव किलोहून थोडा जास्त. घरात खाणारी आम्ही आठ माणसे. म्हणून तुकडे बारीक आणि रस्सा पातळ. पाट्यावर लसूण, भाजलेले खोबरे, तिखट, वरून घरचा येसूर. या मांसाला चरबी नसते, ते चटकन वातड होते. म्हणून पातेल्यावर ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी, आणि खाली मंद जाळ. पाणी आटले की रश्शात तेच गरम पाणी घालायचे, गार घालायचे नाही. कुणाच्या वाट्याला कोणता तुकडा हे आजी ठरवी. तिच्या स्वतःच्या वाट्याला मान आणि रस्सा येई.

हे ज्ञान आहे. पक्ष्याच्या शरीराचे, आगीचे, जळणाच्या हिशोबाचे आणि आठ तोंडांच्या वाटणीचे ज्ञान. हे कुठल्याही शाळेत शिकवले गेले नाही आणि कुठल्याही वार्षिकांकात छापले गेले नाही.

३

आता मराठी शिकारकथेकडे वळू. मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून या प्रकाराने अनेक पिढ्यांचे रंजन केले. तिचा साचा आपल्याला पाठ आहे. पहाटेची थंडी, जीप किंवा घोडा, बरोबर एक 'वाकबगार' वाटाड्या, झुडपाआडून भर्रकन उठलेला थवा, खांद्याला लागलेली बंदूक आणि बार. त्यानंतर बहुधा एकच वाक्य येते : रात्री तितराचा फर्मास रस्सा झाला.

या वाक्याचे व्याकरण तपासावे. बार काढताना कर्ता 'मी' आहे. मी नेम धरला, मी चाप ओढला, मी पाडला. रस्सा मात्र 'झाला'. पक्षी 'साफ करण्यात आले'. मसाला 'वाटला गेला'. बंदुकीपाशी ठळकपणे उभा असलेला कर्ता चुलीपाशी येताच वाक्यातून नाहीसा होतो. पाऊस पडावा तसा रस्सा आपोआप होतो. कोणी केला? कोणाची बोटे रक्ताने आणि पिसांनी भरली? तिथे मराठी गद्य कर्मणी प्रयोगाच्या पडद्याआड जाते. हा मला केवळ शैलीचा प्रश्न वाटत नाही. जातिव्यवस्थेने श्रम आणि श्रमिक यांना जसे गावकुसाबाहेर ठेवले, तसेच या वाक्याने त्यांना वाक्याबाहेर ठेवले आहे.

दुसरीकडे पाककृतीचे पुस्तक उघडावे. त्याची सुरुवातच बहुधा 'साफ केलेला पक्षी घ्यावा' इथून होते. म्हणजे शिकारकथा जिथे संपते तिथून पाककृती सुरू होत नाही. दोहोंच्या मधे एक मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत माझी आजी बसलेली आहे. एका पुस्तकाने तिला ओलांडले, दुसऱ्याने तिला गृहीत धरले. वार्षिकांकाच्या संपादकांनी दोन पाने काढली, ती या मोठ्या परंपरेला धरूनच.

४

माझ्या घरात दोन प्रकारचे पक्षी येत. एक पारधिणीकडून आलेला, त्याच्या पायाला फासाचा वळ असे. दुसरा बंदुकीने पडलेला, त्याच्या अंगात छर्रे असत. हा दुसरा कसा येई ते सांगतो. तालुक्याहून कोणी अधिकारी शिकारीला आले की माझ्या वडिलांना हाक्याला जावे लागे. पक्षी वेचणे, वाहून आणणे आणि वाड्यामागे बसून पिसे काढणे, पोट साफ करणे हे त्यांचे काम. पिसे असेपर्यंत त्या पक्ष्याला वडिलांचा विटाळ नव्हता. पोट साफ होईपर्यंतही चालत असे. मग दुसरा माणूस येऊन वरून पाणी ओती, आणि त्या क्षणापासून वडिलांनी त्याला हात लावायचा नसे. पाण्याच्या त्या एका धारेने मांस 'त्यांचे' होई. वडिलांना मिळत ती डोकी, पाय आणि आतले काही, पळसाच्या पानात बांधून. कधी एखादा छिन्नविच्छिन्न झालेला पक्षी, ज्यात मांसापेक्षा शिसे जास्त. आजी एकेक छर्रा बोटाने चाचपून काढी. जखमेत छर्ऱ्याबरोबर आत गेलेली पिसेही काढावी लागत, नाहीतर मांस तिथे नासते.

पहिला पक्षी आम्ही मोलाने घेत होतो. त्यासाठी कुणाच्या दारात हात पसरावा लागत नव्हता. तो शिळा तुकडा नव्हता, ओवाळून टाकलेला नव्हता, मेलेल्या ढोराचा वाटा नव्हता. एका उपेक्षित समाजाच्या बाईने आणला आणि दुसऱ्या उपेक्षित समाजाच्या बाईने ज्वारी देऊन घेतला. बलुत्याच्या व्यवस्थेत इतका सरळ व्यवहार आमच्या वाट्याला क्वचितच येई. मी लहान असताना आजीचा चेहरा त्या दिवशी वेगळा का दिसे, ते आता कळते.

पण या पहिल्या पक्ष्यावर कायद्याची नजर कशी होती? पारध्यांसारख्या अनेक जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट मोकळी केली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पोलीस ठाण्याच्या मनातून तो गेला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकारीच्या परवान्याची सोय त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपली. मधल्या काळात परवाने कागदावर सगळ्यांनाच खुले होते. पण परवान्याचा अर्ज भरणारा हात आणि फास लावणारा हात एक नव्हते. एकच पक्षी एकाच्या हाती 'छंद' ठरला, दुसऱ्याच्या हाती 'मुद्देमाल'. शिकारकथेने पहिल्याचे वाङ्मय केले. दुसऱ्याचा पंचनामा झाला.

५

कुणी म्हणेल, पिसे आणि आतडी हा साहित्याचा विषयच नव्हे, त्यात सौंदर्य कुठे आहे? या प्रश्नाला आपल्याच मातीतून एक जुने उत्तर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात सापडतो म्हणून तो अभिमानाने सांगितला जातो. त्याच ग्रंथात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. त्यात डुकराचे केस गरम पाण्याने वा गवताच्या जाळाने कसे काढावेत ते आहे. नदीकाठच्या शेतातले उंदीर तेलात धरून त्यांचे केस कसे घालवावेत आणि ते कसे शिजवावेत, तेही आहे. राजाला किळस आली नाही. त्याच्या पंडितांना हा भाग गाळावासा वाटला नाही.

उंदीर राजाने खाल्ला तेव्हा ती भोगाची विद्या झाली आणि ग्रंथात गेली. बिहारमधल्या मुसहराने खाल्ला तेव्हा ते त्याच्या जातीचे नाव झाले, आणि तेही हिणवण्यासाठी. तेव्हा किळस पदार्थात नसते. ती कोणाच्या हातात पदार्थ आहे, त्यावर ठरते. आपल्या अभ्यासकांनी त्या ग्रंथातून कांडणारीची ओवी उचलली. कांडून झाल्यावर तिने काय शिजवले, हे विचारले नाही.

६

इथपर्यंत प्रस्थापितांना प्रश्न विचारले. आता आपल्याकडे वळले पाहिजे.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. या आणि अशा आत्मकथनांनी मराठी साहित्याला भूक म्हणजे काय ते शिकवले. मांस त्यांत बव्हंशी अपमानाचा पुरावा म्हणून आले, आणि ते योग्यच होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याची हाक दिली. ती स्वाभिमानाची हाक होती. ती ऐकून ज्यांनी घराघरांतून चान्या फेकून दिल्या, त्यांच्या मुलांनी मांसाबद्दल लिहिताना हात आखडता घेतला तर आश्चर्य नाही.

पण या संकोचात एक गोष्ट हरवली. अपमान सोडताना आपण कौशल्यही सोडून दिले. भुकेचे वर्णन आले, हाताचे आले नाही. रांधणाऱ्या बाईचे दुःख आले, पण पित्ताची पिशवी न फोडता काढणाऱ्या तिच्या दोन बोटांबद्दल आपण फारसे लिहिले नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले, तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाला प्रथमच स्वतंत्र पुस्तकाची जागा मिळाली, असे मला वाटले. त्याचे मोल मी मानतो ते यासाठी की, तिथे पदार्थ लाजेने येत नाही आणि गोडवा लावूनही येत नाही. ती वाट पुढे जायला हवी होती. मात्र तिच्यावरची बरीचशी चर्चा, निदान माझ्या कानावर आली ती, 'हे लोक काय काय खात' या कुतूहलापाशीच थांबली.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटातला जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. ती त्याला स्वतःच्या स्वप्नासाठी हवी आहे. गाव मात्र त्याला डुक्कर धरायला लावते. आपण कशाच्या मागे धावायचे हेही दुसऱ्याने ठरवावे, ही त्यातली खरी वेदना आहे. आपण कशाबद्दल लिहायचे, याबाबतही असेच घडत आले नाही का?

आमच्या घरी एक वाद झडत असे, तोही इथे सांगितला पाहिजे. धम्मदीक्षेनंतर आजीने मेलेल्या ढोराचे मांस कायमचे सोडले होते. पण तितर सुटला नव्हता. वडील पंचशील म्हणत आणि तिला विचारत, "प्राण्याची हत्या करायची नाही म्हणतेस, मग हे काय?" आजी म्हणे, "खेळ म्हणून मारीत न्हाई बाबा." तिला अक्षरओळख नव्हती. पुढे मी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचले. अहिंसेच्या विवेचनात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत केलेला भेद वाचला, आणि मला आजी आठवली. ही कसोटी नीतीची आहेच, पण मला ती समीक्षेचीही वाटते. शिकारकथेचा सगळा रस इच्छेत आहे. गरज तिथे आली की कथा नीरस होते, म्हणून गरजेची पाने ती गाळते. त्या विद्यार्थ्याच्या लेखातली गाळलेली दोन पाने गरजेची होती.

७

माझ्या म्हणण्याचा गैरअर्थ होऊ नये. तितर धरा, असे मी कुणाला सांगत नाही. माळराने आक्रसली, पक्षी कमी झाले, कायदा आहे आणि तो हवा. माझ्यासारख्या पगार घेणाऱ्या माणसाने आज तितर मारला तर ती निव्वळ इच्छाच ठरेल, गरज नाही. आजीची सबब मला उरलेली नाही. पण ज्याच्या हातून फास काढून घेतला त्याच्या हाती काय दिले, हा प्रश्न कायद्याचे समर्थन करणाऱ्या प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. ते विचारणे चळवळीचे काम आहे.

साहित्याचे काम वेगळे आहे. मारुती चितमपल्ली यांनी वन्यजीवनावर लिहिताना रानातल्या माणसांचे शब्द मराठीत आणले. ते ऋण मोठे आहे. २०२५ मध्ये ते गेले. पण त्या वाटेने मराठीत आले ते मुख्यतः पक्ष्याचे नाव, त्याचे घरटे, त्याची हाक. पक्षी साफ करणाऱ्या बाईची भाषा अजून यायची आहे. त्या भाषेत प्रत्येक अवयवाला नाव आहे, मांस जून की कोवळे हे ओळखण्याच्या खुणा आहेत, वाटणीचे नियम आहेत. ती येत्या काही वर्षांत आजींबरोबर जाईल. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की, वर्गातल्या मुलामुलींना घरातल्या म्हातारीला विचारून लिहायला लावा. कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाताना जबाब घेतल्यासारखे विचारू नये, शिकायला गेल्यासारखे विचारावे. आणि मुलींनी हे विशेष करून लिहावे. कारण मी हे सगळे चुलीपाशी बसून पाहिलेले आहे, स्वतः कधी केलेले नाही. आजीने मला सुरी दिली नाही आणि मीही मागितली नाही. माझ्या या वर्णनात चुका असतील तर त्या पाहणाऱ्याच्या आहेत. करणारी लिहील तेव्हा ते अधिक खरे असेल.

तो विद्यार्थी आता कुठे आहे, मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी मी महाविद्यालयात जाऊन जुन्या अंकाचे हस्तलिखित शोधले. रद्दीत गेले होते. तेव्हा त्याच्या दोन पानांच्या जागी माझ्या आजीची ही दोन-तीन पाने ठेवतो आहे. ती त्याची नाहीत, हे मी जाणतो. हा लेख त्याच्या वाचनात आलाच, तर त्याने आपली पाने पुन्हा लिहून याच पत्त्यावर पाठवावीत. या वेळी मुद्रिते माझ्या टेबलावरून जाणार नाहीत, पण कुणी एक ओळ जरी गाळू म्हणाले तरी मी गप्प बसणार नाही.